सत्त्याण्णव फेऱ्या

"अहो, माझे स्क्रू चालायला लागलेत!"

दार धाडकन उघडलं आणि एक तरुण आत घुसला. कपाळावर चढवलेलं भिंग, हातात बारीक चिमटा, अंगावर तपकिरी ॲप्रन, आणि चेहरा असा, की जगातला सगळा अन्याय आज याच्याच वाट्याला आलाय. दारावरचा लाल दिवा महिनाभर बंद पडलेला, त्यामुळे आत कार्यक्रम चालू आहे हे त्या बिचाऱ्याला कळणार तरी कसं? आणि टेबलामागच्या मुलीनं पुढच्या गाण्याबद्दल दोन शब्द बोलायला नेमका त्याच क्षणी माइक उघडला होता. त्यात दुष्काळात तेरावा महिना — माइकला प्रतिध्वनीची पेटी जोडलेली!

"लागलेत… लागलेत… लागलेत… लागलेत…"

रविवारी दुपारी सव्वाचार वाजता, ते छोटंसं रेडिओ केंद्र जिथे जिथे ऐकू जात होतं तिथे तिथे, एका अनोळखी माणसाची तक्रार गोल गोल फिरत, हळूहळू विरत नाहीशी झाली.

मुलीनं माइक बंद केला, तबकडीवर सुई ठेवली आणि मग ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे वळली. हसू आवरायची तिची ही पद्धत होती, आणि ती आजवर एकदाही उपयोगी पडलेली नव्हती.

"काय लागलेत म्हणालात?"

"चालायला… स्क्रू… घड्याळाचे." तो आता चांगलाच ओशाळला होता. "मी खाली असतो. बरोबर तुमच्या पायाखाली. कालच दुकान लावलं. रविवारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून बारीक काम काढलं, तर वरच्या धमधमाटानं टेबलावरचे स्क्रू आपोआप कडेला निघाले. एकामागून एक, सहलीला निघाल्यासारखे. सात पडलेसुद्धा!"

"अगंबाई! सात?"

"हसू नका. एकेक स्क्रू मोहरीहून बारीक असतो."

"मी कुठे हसतेय?" असं म्हणून ती फिसकन हसली.

तिला घरीदारी सगळे तबकडी म्हणत. वाटोळा चेहरा, आणि लहानपणी एकच गोष्ट दहा-दहा वेळा सांगायची सवय. मामानं गमतीनं ठेवलेलं नाव ते, पण चिकटलं ते चिकटलंच. एरवी ती दातांच्या दवाखान्यात बसून पेशंटना वेळा द्यायची. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार ते पाच, तिचा 'खोल पाणी' हा कार्यक्रम असायचा. रेगे आणि डब! दूरच्या एका बेटावरचं हे संगीत. त्यात गाणाऱ्यापेक्षा बेसचा, म्हणजे खर्जातल्या गिटारचा, मान मोठा; कानांनी ऐकायचं कमी, पोटात आणि तळपायांत जास्त. मामा जन्मभर मालवाहू जहाजांवर आचारी होता. बंदराबंदरांतून त्यानं साडेतीनशे तबकड्या गोळा केल्या, आणि कान साथ सोडायला लागले तेव्हा प्लेअरसकट सगळ्या भाचीच्या हवाली केल्या.

महिनाभर ती त्या तबकड्या खोलीभर पसरून बसायची. साडेतीनशेतून चौदा निवडायच्या. एक गाणं जिथे सोडतं तिथून दुसऱ्यानं हात धरायला हवा, जिना उतरताना पुढची पायरी बरोबर पायाखाली यावी तसा. लेबलावरची मिनिटं, मधलं बोलणं-बदलणं धरून, कागदावर मांडायची, साठ भरली की त्या चौदा पिशवीत घालायच्या. पंधरावी घरातून काढायची नाही, आणि लावलेलं गाणं मधेच तोडायचं नाही. हे दोन तिचे दंडक. प्लेअर एकच होता, मामाचाच, आता स्टुडिओत ठेवलेला. मग तबकडी बदलेपर्यंत काय करायचं? संपत्या गाण्याचा शेवटचा ठोका ती प्रतिध्वनीच्या पेटीत सोडून द्यायची. तो आत घुमत राहायचा, लांब लांब जायचा, तोवर सहा सेकंदांत हिचं काम व्हायचं. ऐकणारे तर म्हणायचे, गाण्यांपेक्षा त्या मधल्या जागाच भारी असतात.

सगळं छान, पण एका गोष्टीनं घात केला होता. कार्यक्रम कधीच पाचला संपायचा नाही. तीन वर्षं झाली, दर महिन्याला पावणेदोन मिनिटं वर! पुढे हवामानाच्या बातम्या, त्यांचा निवेदक खुर्चीत बसून चरफडायचा. बरं, कागदावर बघावं तर साठ मिनिटं चोख. घोडं कुठे पेंड खातंय, कुणालाच कळत नव्हतं.

त्या दिवशीही तेच झालं. पाच वाजून पावणेदोन मिनिटांनी केंद्रप्रमुखांचा फोन आला. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या कधीही आवाज चढवत नसत, म्हणून तर त्यांची जास्त भीती वाटे.

"आज स्क्रू चालायला लागले, ते ऐकलं," बाई म्हणाल्या. "मजा आली. पण वेळेचं काय? पुढच्या महिन्यात एक मिनिट वर गेलं, तर ही वेळ मी बागकामाच्या कार्यक्रमाला देणार. आणि कमी पडलं तरी तेच. पाच म्हणजे पाच."

तबकडीच्या पाचावर धारण बसली. हा एक तास म्हणजे तिचा महिना होता. बाकीचे दिवस ती दुसऱ्यांच्या दातांसाठी जगायची.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती खाली घड्याळांच्या दुकानात गेली. चूक आपली होती. सात स्क्रू शोधून द्यायला हवेत. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून घरातला मोठा लोहचुंबक घेऊन गेली.

"तिथेच थांबा!" घड्याळजी ओरडला. "एक पाऊलही पुढे टाकू नका!"

"का? काय झालं?"

"लोहचुंबक! घड्याळांच्या दुकानात! अहो, चाळीस घड्याळं आहेत इथे. एकदा चुंबक लागला की सगळी वेड्यासारखी पळायला लागतात."

"मी आपलं मदत करायला…"

"तो बाहेर ठेवा. जिन्याच्याही पलीकडे. मग मदत करा."

ती चुंबक ठेवून परत आली, आणि दोघं टॉर्च आणि पांढरा कागद घेऊन जमिनीवर रांगायला लागले. पाऊण तासात पाच सापडले. सहावा शोधताना टेबलाखाली दोघांची डोकी आपटली.

"सॉरी!"

"नाही, माझंच…"

कुणीच पटकन मागे सरकलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग दोघंही एकदम मागे सरकले आणि त्याचं डोकं टेबलाला आपटलं.

"तुमच्याशी ओळख महागात पडणार मला," डोकं चोळत तो म्हणाला.

"अजून तर फक्त स्क्रूच गेलेत."

तो हसला. गालाला खळी पडली, एकाच बाजूला. तिनं उगाच जमिनीकडे बघितलं.

निघताना त्यानं तिला थांबवलं. "बघायचंय? आत काय चालतं ते?" त्यानं स्वतःचं भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि एक उघडं मनगटी घड्याळ तिच्यापुढे धरलं.

तिनं डोळा लावला, आणि श्वासच घ्यायची विसरली. आत एक इवलंसं सोनेरी चाक होतं. ते फिरत नव्हतं, डोलत होतं… इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. त्याच्या पोटात केसाहून बारीक स्प्रिंग उघडत होती, मिटत होती. एका नखाएवढ्या जागेत केवढी लगबग, आणि जराही गोंधळ नाही!

"हे… हे श्वास घेतंय," ती म्हणाली.

"सेकंदाला पाच वेळा. मी बारा वर्षं रोज बघतोय. अजून रोज तसंच वाटतं." तो अगदी हळू बोलत होता, देवघरात बोलावं तसा.

तबकडीनं भिंग काढलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. स्वतःच्या कामाचं एवढं नवल वाटणारा माणूस तिला मामानंतर हाच भेटला होता.

त्यानंतर काय, कारणांना काय तोटा! एकदा तिच्या घड्याळाचा पट्टा सैल झाला. एकदा त्याला सहावा स्क्रू सापडला, ही बातमी द्यायला तो दोन जिने चढून आला. सातवा शोधायला ती अधूनमधून खाली जायची. ती संध्याकाळी स्टुडिओत निवडलेल्या तबकड्या पुसायला यायची, आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकून खाली त्याचं काम बिघडायचं.

एका गुरुवारी ती म्हणाली, "बसा. तुम्ही तुमचं दाखवलंत, आता माझं बघा."

तिनं एक तबकडी लावली. एक माणूस गात होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. साधं, गोड गाणं. घड्याळजी मान डोलावत ऐकत होता. गाणं संपलं.

"छान आहे."

"थांबा हो. आता दुसरी बाजू. हिला व्हर्जन म्हणतात." तिनं तबकडी उलटली. "हात इथे ठेवा." आणि त्याचा तळहात धरून मोठ्या स्पीकरच्या लाकडी खोक्यावर टेकवला.

गाणं तेच. पण गाणारा नव्हता. बेस आणि ढोल, बस्स. मधेच त्या गायकाच्या एका शब्दाचं शेपूट यायचं, लांब लांब घुमत जायचं आणि विरायचं. मग गिटारचा एक फटका, तोही दूर निघून जायचा. जे उरत होतं ते इतकं मोठं होतं, की ती दहा बाय दहाची खोली त्याला पुरेना. बेस त्याच्या तळहातातून कोपरात, कोपरातून छातीत शिरला.

"गाणारा… कुठे गेला?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"बाहेर गेला. आपण आता त्याच्या घरात आहोत."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. तबकडीला वाटलं, आता जर हा नुसतं 'छान' म्हणाला, तर मी याच्याशी कध्धी बोलणार नाही.

हात खोक्यावरून न काढताच तो म्हणाला, "मला वाटायचं, एखाद्या वस्तूतून काही काढलं की ती बिघडते."

आणि तबकडी प्रेमात पडली. उगाच आडवळणानं कशाला सांगा! तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं, आणि घाबरून तिनं एक तबकडी पुसायला घेतली, जी आधीच पुसलेली होती.

पण घड्याळजी तो शेवटी घड्याळजीच. दुसरं गाणं लागलं तशी त्याची मान तिरकी झाली. त्यानं प्लेअरच्या फिरत्या ताटाकडे रोखून पाहिलं, खिशातून कागदाचा कपटा काढून ताटाच्या कडेला चिकटवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटायला लागला.

"काय करताय?"

त्यानं बोट वर करून तिला गप्प केलं. तीन मिनिटं अशीच गेली.

"सत्त्याण्णव."

"काय सत्त्याण्णव?"

"फेऱ्या. तीन मिनिटांत शंभर व्हायला हव्यात, ना एक कमी ना एक जास्त. तुमचं यंत्र मागे पडतंय. तासाला… पावणेदोन मिनिटं."

पावणेदोन! तबकडीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेबलावरची मिनिटं खरी होती, तिची बेरीजही खरी होती. तबकड्याच सावकाश फिरत होत्या. तीन वर्षांचं कोडं सुटलं, पण तिला आनंद होईना. हा प्लेअर मामाचा. या गाण्यांचा जो वेग तिच्या हाडांत मुरला होता, तो चुकीचा होता?

"देऊ दुरुस्त करून?" त्याचे डोळे चमकत होते. "दहा मिनिटांचं काम."

"नको."

"अहो, पण मागे पडतंय ना ते!"

"पडू दे. घड्याळ नाहीये ते. सगळ्या जगाला तुमच्या टेबलावर झोपवून उघडायची काही गरज नाही."

बोलल्यावर तिलाच वाईट वाटलं. तो कपटा सोलून खिशात घालून, मान खाली घालून निघून गेला.

घरी येऊन तिनं शांतपणे मार्ग काढला. यंत्राला हात लावायचा नाही; कागदावर कमी करायचं. सहा मिनिटांची एक तबकडी काढली, तिच्या जागी सव्वाचार मिनिटांची घातली. झालं! हे त्याला सांगावं असं दहादा वाटलं. पण आधी बोलायचं कुणी? त्याचं दुकान ओलांडताना ती पावलं मुद्दाम हळू टाकायची, तो दारात येतोय का बघायची, आणि तो आला की भराभर जिना चढून जायची.

इकडे घड्याळजीला झोप लागेना. तिला वाईट वाटलं याचं दुःख होतंच. पण मोठ्या बाईंची धमकी तबकडीनंच त्याला कधीतरी सांगितली होती. हट्टानं ही पोरगी आपला कार्यक्रम घालवणार, असं त्यानं ठरवून टाकलं. शनिवारी बाईंनी त्याला स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ बघायला बोलावलं. ते तर दुरुस्त झालंच, पण समोर प्लेअर होता. मागे पडलेली वस्तू त्याला बघवत नाही, हा त्याचा स्वभाव म्हणा की आजार. त्यानं ताट उचललं, मोटरच्या पोटातला स्क्रू पाव वेढा फिरवला, तीन मिनिटं मोजली. शंभर! उद्या कार्यक्रम ठोक पाचला संपेल, मग तिला सांगू, मग ती हसेल… एवढं सगळं त्यानं रंगवून ठेवलं. दोन शहाण्यांनी एकाच दुखण्यावर, एकमेकांना न विचारता, औषध दिलं होतं.

रविवारी चार वाजता तिनं पहिली तबकडी लावली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

गायक तरुण झाला होता! आवाज हलका, पाऊल झपझप. जन्मभर ज्याला ती मध्यमवयीन, दमलेला माणूस समजत होती, तो पंचविशीचा पोरगा निघाला. क्षणभर ती थक्क होऊन ऐकतच राहिली. मग काय झालंय ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं टाच उचलून जमिनीवर तीनदा दाणदाण आपटली.

घड्याळजी धावत आला. चेहरा बक्षीस घ्यायला आल्यासारखा.

"कसं वाटलं? मी दुरुस्त केलं! शंभर भरतात आता!"

"आणि मी कागदावर दुरुस्त केलं होतं!" तिनं कागद त्याच्यापुढे धरला. "पावणेदोन मिनिटांचं गाणं कमी केलंय मी. आता सगळं वेगात फिरणार आणि पाचाच्या आधीच संपणार. कमी पडलं तरी कार्यक्रम बंद, बाईंनी सांगितलंय. पंधरावी तबकडी नाही माझ्याकडे. काय केलंत हो हे?"

तो पांढराफटक पडला. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

"शेवटची उलटून लावा ना… व्हर्जन?"

"ते साडेतीन मिनिटांचं आहे. मधेच तोडायचं? मी गाणं तोडत नाही."

"मग सारखा माइकवर बोला."

"काय बोलू? माझे स्क्रू चालायला लागलेत?"

गाणं अर्ध्यावर आलं होतं. त्यानं डोळे मिटले. बारा वर्षं ज्या डोक्यानं फक्त सेकंद जोडले, ते कामाला लागलं.

"तबकड्या किती?"

"चौदा."

"म्हणजे मधल्या जागा तेरा. कमी पडणार एकशे पाच सेकंद." त्यानं डोळे उघडले. "प्रत्येक जागा आठ सेकंदांनी लांबवा."

ती बघतच राहिली. "सहाच्या चौदा करू? चौदा सेकंद नुसता प्रतिध्वनी? लोक रेडिओ आपटून बघतील!"

"गाणारा बाहेर जातो आणि घर मोठं होतं, असं तुम्हीच दाखवलंत ना मला?" तो म्हणाला. "मग घाबरता कशाला? मी सेकंद मोजतो. तुम्ही फक्त ते सांभाळा."

पहिलं गाणं संपलं. तिनं शेवटचा ठोका पेटीत सोडला. तो फिरला… पुन्हा फिरला. सहाव्या सेकंदाला सवयीनं तिचा हात सुईकडे गेला. घड्याळजीनं पंजा उभा केला : थांबा. ठोका दूर गेला. इतका दूर तिनं तो आजवर कधी जाऊ दिला नव्हता. ती बटणं हळूच फिरवत राहिली, तो विझू नये इतपत. आणि त्या एका ठोक्याचे थर झाले, थरांची लाट झाली, लाटेमागे अथांग काहीतरी उघडलं. दहा… अकरा… तिच्या अंगावर काटा आला. तिनं वर पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता, बोटं मिटत मिटत. तेरा… चौदा. सुई टेकली. नवा बेस असा आला, की पायाखालची जमीन परत मिळाल्यासारखं वाटलं.

तीन वर्षं ती या जागा घाईघाईनं भरत आली होती. आत एवढं काही आहे, हे तिला तरी कुठे माहीत होतं?

मग दुसरी जागा, तिसरी, सातवी. दर वेळी त्याचा पंजा, तिची बोटं, आणि मधे ते प्रचंड, रिकामं, भरलेलं काहीतरी. दहाव्या जागेला त्याची बोटं बघायची गरजच उरली नाही. दोघं एकदमच श्वास सोडत होते. तेरावी जागा संपली, शेवटचं गाणं लागलं, आणि शेवटचा ठोका विरला तेव्हा भिंतीवरचा सेकंदकाटा बाराला टेकत होता.

पाच.

हवामानाचा निवेदक गडबडून गेला असावा, कारण त्यानं आधी दोनदा खाकरून घेतलं.

तीन मिनिटांत मोठ्या बाईंचा फोन आला. "वेळेवर? तब्येत बरी आहे ना तुझी? आणि ऐक, त्या मधल्या जागांना मी हातातलं काम सोडून खुर्चीत बसून राहिले. बागकामवाल्यांना मी दुसरी वेळ देते."

तबकडीनं फोन ठेवला. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. घड्याळजी काही बोलणार, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मामा! मामाला कमी ऐकू येतं, म्हणून तो ओरडून बोलतो.

"माझ्या मशीनला कुणी हात लावला?"

"मामा… तुला कसं कळलं? तुला तर…"

"कान गेलेत, हात नाही गेला! रेडिओवर पंजा ठेवून ऐकतो मी. बेस पळत होता आज."

"अरे, ते मागे पडत होतं. बिघडलं होतं म्हणून…"

"बिघडलं होतं?" मामा हसला. "अगं, मीच पाडलं होतं ते मागे. वर्षात एक महिना घरी असायचो. तुझी मामी आणि मी संध्याकाळी गाणी लावून बसायचो. फार लवकर संपायची गं ती. म्हणून एकदा ती स्वयंपाकघरात असताना स्क्रू फिरवला. गाणी तरी जरा लांबतील."

मागून मामीचा आवाज आला. "मला कळलं होतं हो तेव्हाच! गाणारा एका रात्रीत म्हातारा झाला, मला कळणार नाही? पण म्हटलं, राहू दे."

"कळलं होतं? चाळीस वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात!"

तिकडे दोघांचं जुंपलं आणि फोन तसाच बंद झाला.

घड्याळजी प्लेअरकडे बघत होता, आणि त्या गुरुवारी स्पीकरवर हात ठेवल्यावर दिसला होता तसाच दिसत होता.

"ते बिघडलेलं नव्हतंच," तो म्हणाला. "इतकं सुंदर काम… आणि मी ते दुरुस्त केलं. न विचारता. माझं चुकलं."

"चुकलंच. माझंही चुकलं, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यानं खिशातून पेचकस काढला आणि ताट उचललं. "बारा वर्षांत एकही चालतं यंत्र मी मुद्दाम मागे पाडलेलं नाही."

"मग आज?"

"आज पाडतो. तुम्ही डोळे मिटून ऐका आणि कुठे थांबायचं ते सांगा."

तिनं तबकडी लावली, तीच वाट बघणाऱ्या माणसाची. डोळे मिटले. त्यानं स्क्रू फिरवून ताट बसवलं.

"अजून," ती म्हणाली.

ताट उचललं, केसभर फिरवलं, पुन्हा बसवलं. गाणाऱ्याची पावलं जरा जड झाली.

"अजून… थोडंसंच…"

पुन्हा केसभर.

"बास." तिनं डोळे उघडले. "हाच. हाच तो."

"मला एक सांगायचंय." तो पेचकस हातात फिरवत म्हणाला. "सातवा स्क्रू पहिल्याच आठवड्यात सापडला होता. तो हरवलेलाच आहे, असं सांगत राहिलो, म्हणजे शोधायला तुम्ही खाली याल. मला तुम्ही फार आवडता. तुमच्याबरोबर असलं की एक तास पुरत नाही, आणि वेळ पुरत नाही असं मला याआधी कधी वाटलेलं नाही."

"माझ्या घड्याळाचा पट्टा मीच सैल केला होता," ती म्हणाली. "आणि आता हे 'तुम्ही' पुरे कर."

तो हसला. खळी पडली. या वेळी तिनं जमिनीकडे बघितलं नाही. प्लेअरच्या कडेवर टेकलेल्या त्याच्या हातावर तिनं आपला हात ठेवला, आणि दोघं ताटाकडे बघत राहिले. कडेला नवा कपटा चिकटवलेला होता. तो येत होता, जात होता. तीन मिनिटं झाली. बहुधा जास्तच झाली.

"किती भरल्या?" तिनं विचारलं. "सत्त्याण्णव?"

घड्याळजीनं मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मोजायचं राहिलं."

"मग परत मोज," असं म्हणून तिनं दुसऱ्या हातानं सुई उचलली आणि गाणं पहिल्यापासून लावलं.